बेशरमाचं पीक

वाघमारे बाई आमच्या कार्यालयात रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर एक भलंमोठं चित्र उलटं टांगलं, आणि साहेबांशी त्यांचं पहिलं भांडण झालं ते त्यावरूनच.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. पाट्या नव्या होत्या, शिक्के नवे होते. बाकी सामान मात्र जुन्या जिल्ह्यानं नको म्हणून दिलेलं. भूजलाचं आमचं कार्यालय एका डाळमिलच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत होतं. मिल सुरू झाली की तुरीच्या टरफलांची धूळ फायलींवर, टेबलांवर, चहाच्या कपात येऊन बसायची. मी तिथं आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. उपग्रहानं वरून टिपलेली आपल्या भागाची चित्रं तेव्हा हैदराबादहून पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून यायची. ती वाचायची कशी हे आमच्याकडं एकट्या बाईंना ठाऊक. डेहराडूनला ती विद्या शिकून त्या आल्या होत्या.

"वाघमारे, नकाशा उलटा लागलाय," साहेब म्हणाले. "उत्तर दिशा खाली गेली."

"हाव साहेब. मुद्दाम लावलाय."

"सरळ करा."

"सरळ केला की डोंगर खड्ड्यासारखे दिसतात. या, हिथं उभं राहून बगा."

साहेब उभे राहिले. बाईंनी समजावलं. उपग्रह सकाळी आपल्यावरून जातो, तेव्हा ऊन आग्नेयेकडून पडतं. आपल्या डोळ्याला मात्र उजेड वरून यायची सवय. म्हणून चित्र सरळ धरलं की टेकडीचा खळगा होतो, आणि उलटं धरलं की टेकडी पुन्हा टेकडी होते. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं. त्यांना दिसलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ते खरं असेल हो. पण पाहुणे येतात. हसतील."

"हसू द्या की. हसायला का होईना, नीट बगतील तरी."

चित्र उलटंच राहिलं.

बाई उमरीच्या. वडील रेल्वेच्या रुळावर कामाला, आई दुसऱ्याच्या रानात. घरातल्या पहिल्या शिकलेल्या त्याच. यातलं त्यांनी स्वतःहून कधी काही सांगितलं नाही. मला ते हळूहळू कळत गेलं. अंगानं किरकोळ, सुती पाचवारी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पोरं कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. खेड्यात गेलं की बायका आधी त्या काळ्या दोऱ्याकडं बघायच्या, मग विचारायच्या, "मालक कुटं असतेत बाई?"

"मालक न्हाईत. भिंगच हाय ते," असं म्हणून बाई ते त्यांच्या तळहातावर धरायच्या. स्वतःच्या हातावरच्या रेघा एवढ्या मोठ्या बघून बायका हरखायच्या आणि मालकाचा विषय तिथंच संपायचा.

बोलणं सगळं असं नांदेडकडचं. बैठकीत एकदा एका पुणेकर अधिकाऱ्यानं सुचवलं की जरा शुद्ध बोललात तर बरं. बाई म्हणाल्या, "बोर कोरडा गेला की शुद्ध भाषेत पाणी येतंय का साहेब?" आणि पुढचं सगळं टिपण जाणूनबुजून आणखी ठसक्यात वाचलं.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या कार्यालयाला पाठ झाला होता. कुणी काही ठामपणे सांगायला लागलं, अमक्या गावाला पाणी आहे, तमका नाला वाहतोय, की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "जाऊन बगितलं का?" नसेल बघितलं तर तो माणूस विषय बदलायचा. चहा संपला असं कुणी म्हटलं की शिपाईसुद्धा एकमेकांना तसंच विचारायचे.

साहेब वाईट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. नवा जिल्हा आहे, वर सगळं सुरळीत दिसावं, एवढीच त्यांची धडपड. पण त्याच वर्षांत पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच गेलं. विहिरींचे तळ दिसले, मग तळातले झरे खणून वाट्यांनी पाणी भरणं सुरू झालं. आणि त्याच सुमाराला वरच्या एका कार्यालयात ठरलं की आता टंचाई उपग्रहाच्या चित्रावरून मोजायची. कुठल्या गावाच्या शिवारात किती पीक उभं आहे ते चित्रात बघायचं आणि त्यावरून टँकर द्यायचा की बंद करायचा ते ठरवायचं.

आम्हाला वाटलं, बाई खूश होतील. त्यांच्या विद्येला मान मिळाला. बाईंनी परिपत्रक वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि मला म्हणाल्या, "जाधव, उद्या जीप लागंल."

जळकोटच्या पुढं, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला चिकटून एक गाव आहे. त्याला मी धामणतळं म्हणतो. खरं नाव नको. गावाला निजामाच्या काळातलं एक तळं. नव्या यादीत या गावाचा टँकर बंद झाला होता आणि रोजगार हमीचं कामही थांबलं होतं. कारण एकच. चित्रात तळ्याच्या जागी नखाएवढा गडद लाल ठिपका होता.

त्या चित्रांत हिरवळ लाल दिसते. कॅमेरा डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपतो आणि कागदावर तो लाल छापला जातो. पीक जितकं जोमदार, तितका लाल भडक. म्हणजे कार्यालयाच्या हिशेबानं धामणतळ्याला भरघोस पीक उभं होतं.

बाईंनी चावडीवर चित्र पसरलं. माणसं गोळा झाली. सरपंच माणिकराव खुर्चीत बसले होते. जमीनजुमला असलेला, शब्द चालणारा माणूस. पायरीच्या खाली, थोडी लांब, बौद्ध वस्तीतली धुरपतामाय उभी होती. म्हातारी, पण आवाज खणखणीत.

"हे लाल कायचं ओ बाई? धोका हाय का?" माणिकरावांनी विचारलं.

"न्हाई. लाल म्हंजे हिरवं."

चावडीवर हसू फुटलं. धुरपतामायनं मात्र लांबूनच विचारलं, "हिरवं लाल दिसतंय मनता, मंग आमी कसे दिसुलालाव त्यात?"

बाई उठल्या, चित्र घेऊन पायरी उतरल्या आणि तिच्यासमोर धरून म्हणाल्या, "माणूस दिसत न्हाई माय यात. म्हणून तर आले."

मग आम्ही तळ्यात गेलो. पाणी नव्हतंच. भेगाळलेल्या गाळावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, माणसाच्या छातीएवढी, बेशरम नावाची झुडपी वेल माजली होती. हिरवीगार, तकतकीत, वर जांभळट फुलं. शेळी तोंड लावत नाही, गाय लावत नाही. चुलीत घातली तर नुसता धूर. बाई तिच्यात शिरल्या आणि कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हात चिकानं माखले होते आणि काखेत एक भारा होता.

"हे कामून घेतलं?" मी विचारलं.

"पीक हाय ना हे? दाखवावं लागंल."

टंचाईच्या आढाव्याची बैठक दोन दिवसांनी होती. वरून मोठे साहेब आले होते. लांबलचक टेबल, हिरवं कापड, पाण्याचे झाकलेले पेले. गावांची नावं वाचली जात होती, माना हलत होत्या. धामणतळं आलं. "पीकस्थिती समाधानकारक, टँकर बंद," असं वाचलं गेलं आणि पुढचं नाव येण्याआधी बाई उठल्या. दाराआडून भारा आणून त्यांनी तो टेबलावर मोठ्या साहेबांच्या पुढ्यात ठेवला. दोन पेले कलंडले.

"हे धामणतळ्याचं पीक साहेब. समाधानकारक हाय. शिजवून वाढू का?"

पाणी हिरव्या कापडावरून ओघळून एका तहसीलदाराच्या मांडीवर पडत होतं आणि तो हलला नाही.

मोठे साहेब म्हणाले, "उपग्रह खोटं बोलतोय असं तुम्हाला म्हणायचंय? तुमचीच विद्या आहे ही."

"उपग्रह खोटं बोलत न्हाई. हिरवं हाय, त्यानं हिरवं सांगितलं. खायचं हाय का, ते इच्यारायला आपल्याला पाय दिलेत देवानं." मग थांबून म्हणाल्या, "देव आम्ही मानत न्हाई. पण पाय हायत."

तेवढ्यात दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं नवा मुद्दा काढला. नव्या जिल्ह्याची हद्द आखली तेव्हा ती तळ्यातूनच गेली होती. अर्धं तळं नांदेडात, अर्धं लातुरात. मग अर्ध्या तळ्याचा प्रश्न त्या जिल्ह्यानं बघावा. बाईंनी दोन्ही जिल्ह्यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. "गाव पुरं आपल्याकडं हाय. तहान बी पुरी हाय. ती अर्धी कशी करूलाव?"

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणालं, "बेशरम बाई आहे."

बाईंनी तिकडं वळून पाहिलं. चेहरा शांत होता. "हाव साहेब. उन्हाळ्यात बी हिरवीच राहते."

मोठे साहेब हसले का रागावले, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी टँकर पुन्हा सुरू करायला सांगितलं. वर एक बोर मंजूर केला. "जागा तुम्ही दाखवा. चित्रावरून दाखवा. कोरडा गेला तर जबाब तुमचा."

आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांत साठतं. वरून पाहिलं तर अशी भेग सरळ रेघेसारखी दिसते. कुठं नाल्याचा तुकडा, कुठं झाडांची ओळ, असं जोडत जावं लागतं. बाईंनी भिंगातून रात्रंदिवस ती रेघ शोधली आणि ती आली नेमकी बौद्ध वस्तीच्या कडेनं. माणिकरावांना बोर मारुतीच्या देवळापुढं हवा होता.

"बाई, तुमच्या लोकाकडं तुमचं लक्ष जायाचंच म्हना," ते म्हणाले.

"माणिकराव, ही रेघ मी ओढली न्हाई. तुमच्या माझ्या जातीच्या लई आधीची हाय ती."

पण खरी अडचण वस्तीतूनच आली. संध्याकाळी धुरपतामाय जीपपाशी आली आणि बाईंचा हात धरून म्हणाली, "हितं नको मारू माय. पानी लागलं तर भांडन, न्हाई लागलं तर आमचंच नाव. आमाला राहायचंय हितं. तू जाशील."

एवढ्या वर्षांत मी बाईंना शब्दासाठी अडलेलं तेव्हाच पाहिलं. मग म्हणाल्या, "भांडण तर आता बी हाय ना माय? मंग पाणी असलेलं भांडण करू."

म्हातारीनं हात सोडला नाही.

बोरची गाडी आली. चालवणारा तमिळ, सेल्वम नावाचा. चार शब्द हिंदीचे आणि बाकी हातवारे. यंत्र धडधडलं, दगडाचा पांढरा भुगा आभाळभर झाला. बघायला सगळं गाव. दुपार होईपर्यंत भुगाच येत राहिला. पांढरा, कोरडा, पिठासारखा. शेवटी सेल्वमनं यंत्र थांबवलं आणि मान हलवली.

पोरं हसली. माणिकराव हसले नाहीत, पण म्हणाले, "चला आता देवळाकडं." सेल्वमनं दांडे काढून गाडीवर चढवायला घेतले, त्याला दुसऱ्या गावाला जायचं होतं. धुरपतामाय आपल्या झोपडीच्या दारात बसली होती, पदर तोंडाला लावून.

बाई चालत गेल्या आणि गाडीच्या पुढच्या चाकासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. चित्र मांडीवर पसरलं, उलटं करून. भिंग लावलं.

"मॅडम, एक बोले थे. एक हो गया," सेल्वम खाली उतरून म्हणाला.

"एक बोर बोले थे. ये तो होल है."

"मॅडम, हटो."

"नहीं हटती. तू जेवून घे."

डोक्यावर ऊन होतं. साहेबांनी मला पाठवलं होतं ते त्यांना आवरायला; मी जाऊन चित्रावर सावली धरली, एवढंच केलं. भुग्यानं बाईंचे केस पांढरे झाले होते. बोट एका रेघेवरून फिरत होतं, थांबत होतं, मागं येत होतं. मग त्या उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुकलं माझं."

त्यांनी बांधाकडं बोट केलं.

"बांधावरच्या बाभळींची ओळ मी रेघ धरली. बांध माणसानं घातलाय, तो सरळ असणारच. खरी भेग वस्तीच्या पलीकडून जाते." आणि त्या तरातरा चालत जाऊन धुरपतामायच्या झोपडीमागच्या चिंचेजवळ उभ्या राहिल्या. टाच जमिनीत रोवली. "हिथं."

सेल्वम भाकरी खात होता. ती धुरपतामायनंच दिली होती. त्यानं विचारलं, "पक्का?"

"पक्का न्हाई," बाई म्हणाल्या. "पण हाय."

सेल्वमला शब्द कळले नसतील, पण तो हसला. हात पुसले आणि गाडी सुरू केली.

कारंजं वगैरे काही उडालं नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा भुग्याचा रंग बदलला. पांढऱ्याचा करडा झाला, मग तो उडेनासा झाला, मग चिखलासारखा थपथप पडायला लागला. आणि ओल्या मातीचा वास आला. वस्तीतली एक बाई नुसतीच "आगं आगं आगं" करत राहिली. धुरपतामायनं तो चिखल ओंजळीत घेतला आणि वाघमारे बाईंच्या कपाळाला लावला. बाईंनी पुसला नाही. जळकोटपर्यंत, अहमदपूरपर्यंत तसाच वाळत गेला.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. हातपंप बसला तेव्हा मी पाणी मोजायला गेलो होतो. दोन रांगा होत्या. वरच्या आळीतल्या बायकांना पहिला मान हवा होता, वस्तीतल्या बायका सोडेनात. एकदा घागरीनं एकीचं डोकं फुटलं, पोलीस आले. उन्हाळा सरता सरता मात्र एकच रांग झाली, जो आधी येईल तो आधी. एकोपा झाला म्हणून नाही. त्या उन्हात दोन रांगा सांभाळायची ताकद कुणात उरली नव्हती. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कशानं का होईना. एक हाय ना?" आणि यादीतल्या पुढच्या गावाला निघाल्या. त्या उन्हाळ्यात लाल ठिपक्याची किती गावं त्यांनी पायांनी तपासली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. कुठं वेडी बाभूळ निघाली, कुठं एखाद्याच बागाईतदाराचा ऊस निघाला, कुठं खरंच पीक निघालं. तिथं खरं पीक आहे असंच त्यांनी लिहिलं, गाववाल्यांनी जीप अडवली तरी.

पावसाळ्याच्या तोंडावर बदली आली. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगरकडच्या डोंगराळ भागात, जिथं तेव्हा जायला कुणी तयार नसायचं. साहेब निरोपाला दारापर्यंत आले. मनापासून म्हणाले, "बाई, थोडं जमवून घ्यायला शिका."

"शिकले असते साहेब. पण शिकून काय करायचं ते कळंना."

बुटांच्या नाड्या आवळून त्या बसस्टँडकडं गेल्या. त्यांच्यामागं कुणीतरी भिंतीवरचं चित्र सरळ केलं. मला त्यातले डोंगर पुन्हा कधी दिसले नाहीत.

मधे खूप वर्षं गेली. पत्रं तुरळक. दोघंही निवृत्त झालो. मग पुन्हा एका दुष्काळी वर्षात, जेव्हा आमच्या भागात आणखी एक नवा जिल्हा होणार अशी बोलणी चालली होती, मला नांदेडच्या एका कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. आपत्तीच्या नियोजनासाठी उपग्रहाचे नवे नकाशे तयार झाले होते, आणि त्या निमित्तानं या कामातल्या जुन्या माणसांचा सत्कार होता. वाघमारे बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, पाठीला बाक, बूट मात्र तेच, म्हणजे तसलेच.

पडद्यावर एक तरुण अधिकारी मुलगी नकाशा दाखवत होती. हुशार होती. बोटानं सरकवलं की तालुका मोठा व्हायचा, गाव मोठं व्हायचं, झाड दिसायचं. धोक्याची गावं तांबडी, बिनधोक्याची हिरवी. हिमायतनगरच्या वरच्या डोंगरात एक हिरवा तुकडा आला आणि गेला.

"थांब बाळ," बाई म्हणाल्या. "मागं घे. हां. तिथं किती घरं हायत?"

"तिथं वस्ती नाहीये, मॅडम. आकडा शून्य येतोय."

"मंग ती वाट कायची?"

मुलगी पडद्याजवळ गेली. जंगलातून एक केसासारखी बारीक पांढरी रेघ वर चढत होती आणि एका जागी संपत होती.

"माणसं चालल्याबिगर वाट पडती का?" बाई म्हणाल्या. "आणि जंगलात बी बुजली न्हाई ती. म्हंजे रोजची हाय. कुनीतरी रोज उतरून पाणी नेऊलालंय."

सभागृहात चुळबुळ झाली. व्यासपीठावरचे पाहुणे घड्याळ बघायला लागले. ती मुलगी मात्र अजून पडद्याकडंच बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला वाट माहीत आहे, मॅडम?"

"खालपर्यंत माहीत हाय. वरचं चालत. गाडी हाय का तुझ्याकडं?"

"आत्ता? तुमचा सत्कार आहे ना?"

"तो व्हईल कुनाचा बी."

बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. मुलीनं संगणकाची वायर ओढून काढली, तो काखेत मारला, आणि दोघी मधल्या वाटेनं सगळ्यांच्या देखत बाहेर पडल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. त्यानंतर मी बाईंना पाहिलं नाही, म्हणून ते मला इतकं स्वच्छ आठवतं. सरकारी जीप होती. बाई पुढं बसल्या. दार नीट लागेना, तेव्हा त्यांनी ते उघडून पुन्हा जोरात आपटलं आणि चालकाला म्हणाल्या, "चल रे."

आत ध्वनिवर्धकावर त्यांचं नाव पुकारलं जात होतं, तिसऱ्यांदा. जीप भोकरच्या रस्त्याला लागली होती.